लघवीचा त्रास आणि व्यायाम: फोंड्याहून सहा महिन्यांचा अनुभव

पखवाजकाका (फोंडा)
नमस्कार मंडळी. वय ६७, मराठी शाळेतून निवृत्त झालो, फोंड्याजवळच्या गावात राहतो. आपल्या वयाच्या पुरुषांत गुडघे, साखर, बीपी यांवर दिवसभर गप्पा चालतात, लघवीचा विषय निघाला की सगळे गप्प. मीही दोन वर्षं गप्प राहिलो आणि त्यात बरंच गमावलं, म्हणून हा धागा काढतोय.

मी गावच्या देवळात पखवाज वाजवतो. गेल्या कार्तिकात एकादशीच्या भजनाला बसलो होतो. दुसरा अभंग संपायच्या आत उठावं लागलं. परत येऊन बसलो, गजराला हात लावला आणि पुन्हा लघवीची कळ आली. त्या रात्री तीनदा उठलो. पुढच्या एकादशीला गेलोच नाही. मंडळींना सांगितलं, मांडी घालून बसवत नाही. चाळीस वर्षांचं भजन मी असं खोटं बोलून सोडलं.

रात्री चार वेळा जाग यायची. आमचं घर जुनं, न्हाणी मागच्या पडवीच्या टोकाला. पावसाळ्यात तिथली फरशी ओली असते आणि मी अंधारात अर्धवट झोपेत चालत जायचो. मी उठलो की सौ.ही जागी व्हायची आणि मी परत येईपर्यंत कान देऊन पडून राहायची. शिवाय आणखी एक गोष्ट, जी डॉक्टरांनासुद्धा तिसऱ्या भेटीत सांगितली: लघवी करून, कपडे नीट करून बाहेर आलो की चमचाभर लघवी आपोआप सुटायची. फिक्या रंगाची पँट घालणं मी बंद केलं होतं.

तपासण्या झाल्या. सोनोग्राफीत प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या खालची पुरुषांतली ग्रंथी, ४२ ग्रॅम (तरुणपणी साधारण २० ग्रॅम असते). लघवी केल्यावर मूत्राशयात उरलेली ४० मिली, म्हणजे काळजीचं नाही. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ठीक. साखर काठावर. डॉक्टरांनी सात प्रश्नांचा तक्ता भरून घेतला. त्यात ० ते ३५ गुण असतात. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, त्यापुढे तीव्र. माझे १७ आले. टॅम्सुलोसिन ही प्रोस्टेटच्या त्रासावरची गोळी सुरू झाली आणि धार सुधारली, ते खरं. पण कळ आली की धावत सुटणं आणि मागाहून गळणं तसंच राहिलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम करा, आणि एक छापील कागद हातात दिला.

तो कागद वाचून मी तीन महिने रोज न चुकता व्यायाम केला. काडीचा फरक पडला नाही. मग मुलीच्या आग्रहाने फिजिओथेरपिस्टकडे गेलो आणि पाच मिनिटांत कळलं की मी भलतंच करत होतो. पोट आत ओढायचो, श्वास रोखायचो, मांड्या आणि कुल्ले आवळायचो. त्याने पोटातला दाब उलट खाली मूत्राशयावर येतो. जो स्नायू आवळायचा तो सैलच राहत होता.

तो स्नायू सापडायला मला जे वाक्य उपयोगी पडलं ते जसंच्या तसं देतो: "शिश्न आतल्या बाजूला ओढून घ्या, वृषण किंचित वर उचला, चारचौघांत वायू रोखताना आवळता तसं आवळा, पण चेहऱ्यावर कुणाला कळता कामा नये." आरशासमोर उभं राहून केलं तर शिश्नाचं मूळ किंचित आत जाताना दिसतं. ते दिसलं आणि पोट मऊ राहिलं, श्वास चालू राहिला, की समजायचं बरोबर जमलं.

आधी उताणं झोपून, गुडघे वाकवून. मला सुरुवातीला तीन सेकंदच धरता यायचं. धरलं तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, कारण सोडणंही शिकावं लागतं. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत आलो. दहा वेळा धरून, मग दहा झटपट आवळण्या, असं दिवसातून तीनदा. महिन्याने बसून, मग उभं राहून. भरली घागर उचलताना, खोकताना, शिंकताना आधी आवळायचं आणि मग उचलायचं, ही सवय फार कामाची.

मागाहून गळण्यावर दोन उपाय मिळाले. लघवी संपल्यावर एकदा जोरात आवळायचं. आणि वृषणाच्या मागे, गुदद्वाराच्या पुढे, तीन बोटं टेकवून हलका दाब देत पुढे सरकायचं, म्हणजे मूत्रनलिकेच्या वाकणात अडकलेले थेंब तिथेच बाहेर येतात. हा त्रास मला दहा दिवसांत थांबला. दोन वर्षं कपडे लपवत फिरलो त्यावर दहा दिवसांचा उपाय होता, हे आठवलं की आजही गलबलून येतं.

कळ आवरायला मात्र वेळ लागला. पूर्वी कळ आली की धावायचो. आता जागच्या जागी थांबतो, जमलं तर बसतो, पाच-सहा वेळा पटपट आवळतो. कळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. ओसरली की शांत चालत जायचं. आवळलेला स्नायू मूत्राशयाला थांबायचा निरोप देतो, असं मला समजावलं होतं आणि अनुभवही तसाच आला. दर आठवड्याला दोन खेपांमधलं अंतर पंधरा मिनिटांनी वाढवत गेलो.

रोज संध्याकाळी पाऊण तास चालतो. पावसात देवळाच्या अग्रशाळेच्या ओसरीत फेऱ्या घालतो. वजन ४ किलो उतरलं. रात्रीचं उठणं चारावरून दोनावर, कधी एकावर. तक्त्यात आता ९ गुण. गोळी डॉक्टरांनी चालूच ठेवली आहे.

या आषाढीला पखवाज घेऊन बसलो. अडीच तासांत मध्यंतराला एकदाच उठलो.

निवृत्त_कदंब
काका, देव बरें करूं. मी २८ वर्षं बस चालवली. लांबच्या मार्गावर लघवी दाबून धरणं रोजचंच. त्यामुळेच आता धार बारीक झाली का? आणि मागच्या महिन्यात सर्दीची गोळी घेतली आणि रात्री लघवी पूर्ण बंदच झाली. पहाटे पुतण्याने इस्पितळात नेलं, नळी घालावी लागली. सर्दीच्या गोळीने असं होतं?

ओवी_डिचोली
काका, माझ्या बाबांसाठी विचारते. वय ७४, पूर्वी खाणीवर टिपर चालवायचे. त्यांची लघवी दिवसरात्र थेंब थेंब गळते, अंथरूण ओलं होतं. ते म्हणतात, "मला कळच येत नाही, आपोआप होतं." डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. मोबाईलवर व्हिडिओ बघून हे आवळण्याचे व्यायाम दोन आठवडे करतायत. चालू ठेवू देऊ ना?

फिजिओ_मडगाव
ओवी, व्यायाम आजच थांबवा आणि बाबांना युरोलॉजिस्टकडे न्या. हे घाबरवायला लिहीत नाही, पण यात दिवस घालवू नका.

कारण सांगते. गळणं दोन प्रकारचं असतं. एकात झडप सैल असते, तिथे आवळायचा व्यायाम लागू पडतो. दुसऱ्यात मूत्राशय रिकामंच होत नाही. प्रोस्टेटने वाट अडवलेली असते किंवा मूत्राशयाचा स्नायू थकलेला असतो. ते काठोकाठ भरतं आणि वरचं सांडतं. कळ न येता सतत थेंब थेंब गळणं हे या दुसऱ्या प्रकाराचं लक्षण असू शकतं. त्यात अजून आवळायला शिकवणं म्हणजे तुंबलेल्या गटारावर झाकण दाबण्यासारखं. लघवी मागे साचत राहिली तर मूत्रपिंडांवर परिणाम होतो. बाबांच्या बेंबीखाली हात ठेवून पाहा, टम्म आणि घट्ट लागतं का. लघवी केल्यानंतर किती उरते याची सोनोग्राफी लगेच करून घ्या. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये युरोलॉजी विभाग आहे.

काकांनी आधी तपासणी केली, उरलेली लघवी मोजली, मग व्यायाम केला. हाच क्रम बरोबर. लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, लघवी अजिबात न होणं, पायांतली ताकद जाणं किंवा जांघेजवळ बधिरपणा यांपैकी काहीही असेल तर व्यायामाचा विचारसुद्धा नंतर.

निवृत्त_कदंब काका, सर्दीच्या अनेक गोळ्यांत फिनाइलएफ्रिन किंवा क्लोरफेनिरामिन असतं. पहिल्याने मूत्राशयाच्या तोंडाशी आवळ बसते, दुसऱ्याने मूत्राशयाचा जोर कमी होतो. प्रोस्टेट आधीच वाढलेली असेल तर लघवी अडकू शकते. यापुढे सर्दीची गोळी घेण्यापूर्वी फार्मसीत "मला प्रोस्टेटचा त्रास आहे" असं आवर्जून सांगा. लघवी दाबून धरल्याने प्रोस्टेट वाढत नाही, ती वयाने आणि हार्मोनमुळे वाढते. पन्नाशीत साधारण निम्म्या पुरुषांत ही वाढ दिसते, ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. पण वर्षानुवर्षं ताणलेलं मूत्राशय दुबळं होऊ शकतं. तुमचीही उरलेली लघवी मोजून घ्या.

योगसाधक_म्हापसा
यात नवीन काय? आपल्याकडे मूलबंध आणि अश्विनी मुद्रा या ओटीपोटाचा तळ आवळण्याच्या योगक्रिया शेकडो वर्षं आहेत. हठयोग प्रदीपिकेत मूलबंध स्पष्ट सांगितला आहे. याला "केगेल व्यायाम" असं परदेशी डॉक्टरचं नाव द्यायची गरजच नाही.

फिजिओ_मडगाव
मूलबंध जुना आहे आणि ज्यांना तो नीट येतो त्यांना हा स्नायू पटकन सापडतो, हे मी रोज पाहते. केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये बाळंतपणानंतर गळणाऱ्या बायकांसाठी हा व्यायाम मांडला. पुरुषांकडे तो फार नंतर आला. तरी दोन फरक लक्षात ठेवा. मूलबंधात अनेकदा श्वास रोखतात. रक्तदाब असलेल्या सत्तरीतल्या माणसाने ते करू नये. आणि अश्विनी मुद्रेत मागचा भाग जास्त आवळला जातो, लघवीसाठी पुढचा आवळावा लागतो. म्हणून काकांनी लिहिलेली खूण महत्त्वाची.

आणखी एक. लघवी करताना मध्येच धार तोडण्याचा सराव कुणी रोज करू नये. स्नायू कुठला हे कळायला एखाद वेळ केलं तर ठीक. रोज केल्याने मूत्राशय नीट रिकामं व्हायचं राहतं.

सांजवारा
+१. वाचनखूण साठवली.

चिकित्सक_पणजी
अनुभव मनापासून लिहिलाय, पण एका माणसाला बरं वाटणं म्हणजे पुरावा नाही. काकांनी गोळीही घेतली, वजनही उतरवलं. व्यायामाने प्रोस्टेट लहान होते असं लोक समजतील. अभ्यास काय सांगतात?

फिजिओ_मडगाव
प्रश्न योग्य आहे. व्यायामाने प्रोस्टेट लहान होत नाही. हे स्पष्टच.

चालण्याबद्दल: अमेरिकेतल्या हजारो पुरुष आरोग्य व्यावसायिकांवरचा हार्वर्डचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला २ ते ३ तास चालणाऱ्यांत प्रोस्टेटवाढीच्या त्रासाचं प्रमाण सुमारे २५% कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. चालणारे लोक एरवीही जास्त निरोगी असतात, तेव्हा सगळं श्रेय चालण्याला देता येत नाही. जपानमध्ये एका छोट्या अभ्यासात वयस्क पुरुषांना आठ आठवडे संध्याकाळी भरभर चालायला लावलं, त्यांचं रात्रीचं उठणं कमी झालं. पण प्रोस्टेटच्या त्रासावर उपचार म्हणून शारीरिक व्यायाम, याचा एकत्रित आढावा घेणाऱ्यांनी पुराव्याचा दर्जा फार कमी ठरवला आहे. लघवीनंतर गळणं आणि प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचं गळणं, इथे मात्र स्नायूंच्या व्यायामाला मी जास्त वजन देते.

शिवाय गोव्यातलं एक वास्तव विसरू नका. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, २६.४%. साखर वाढली की लघवी जास्त होते, आणि बरीच वर्षं वाढलेली राहिली तर मूत्राशयाच्या नसा बधिर होतात. माझ्याकडे "प्रोस्टेट" म्हणून येणाऱ्यांत साखरेचेच रुग्ण किती निघतात! तिथे चालण्याचा फायदा सरळ आहे, त्यासाठी प्रोस्टेटच्या अभ्यासाची वाट बघायला नको.

पखवाजकाका (फोंडा)
चिकित्सक, तुमचं म्हणणं मान्य. माझ्यात कशाने किती फरक पडला ते वेगळं काढता येणार नाही. गळणं थांबलं ते गोळीने नव्हे, एवढं खात्रीने सांगतो, कारण गोळी चालू असताना चार महिने गळतच होतं.

रात्रीच्या उठण्याबद्दल एक गोष्ट लिहायची राहिली. फिजिओने मला तीन दिवस लघवी मोजायला लावली. मापाचा प्लास्टिकचा जग न्हाणीत ठेवला, वही-पेन बाजूला. तेव्हा दिसलं की चोवीस तासांतली जवळजवळ निम्मी लघवी रात्रीच होतेय. दिवसभर पाय लोंबकळत बसायचो, संध्याकाळी घोट्यांवर मोज्यांचे वळ उठायचे. ते पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि रात्री लघवी बनून बाहेर पडतं. प्रोस्टेटचा त्यात संबंध नाही. आता जेवणानंतर दुपारी तासभर आडवा होतो तेव्हा पायांखाली दोन उशा घेतो, पाय छातीपेक्षा उंच. उठल्यावर टाचा वर-खाली पन्नास वेळा. मग संध्याकाळचं चालणं. पाणी संध्याकाळीच बाहेर पडतं, रात्र मोकळी मिळते. दुपारची झोप तर आपल्याकडे घरोघरी आहेच, तिला दोन उशांची जोड द्यायची एवढंच.

फिजिओ_मडगाव
अगदी बरोबर. मात्र पायाला सूज असेल तर हृदय आणि मूत्रपिंड आधी तपासा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारा, स्वतः बदलू नका. आणि रात्री जोरात घोरत असाल, दिवसा डुलक्या येत असतील, तर तेही सांगा. झोपेत श्वास अडकण्याने रात्रीची लघवी वाढते.

माड_आणि_पोफळी
आमच्या घरी उलटी गोष्ट. लघवीच्या भीतीने माझे यजमान पाणीच पीत नाहीत. मे महिन्यात कुळागरात घामाने भिजून येतात आणि अर्धा तांब्या पाणी पितात. लघवी पिवळीजर्द, आग होते, मलावरोध. संध्याकाळी मात्र उर्राक (काजूची दारू) असली की दोन ग्लास. त्यांना हा धागा वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण "त्या मास्तरांनी बोटं कुठे टेकवायची लिहिलंय ते परत वाच" म्हणाले. लग्नाला ४१ वर्षं झाली, या विषयावर आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

फिजिओ_मडगाव
ताई, तुम्ही वाचून दाखवलंत हे फार मोठं काम केलंत. पाणी सकाळपासून चारपर्यंत भरपूर, लघवी फिकट पिवळी दिसेल इतकं. झोपण्याआधी दोन-तीन तास कमी. गडद लघवी मूत्राशयाला चिडवते, त्यामुळे पाणी तोडलं की कळ उलट वाढते. मलावरोध सोडवा, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. दारूने लघवी वाढते आणि झोप तुटते, तेव्हा रात्री सोडता आली तर आठवडाभरात फरक दिसेल. त्यांना खाली बसून लघवी करायला सांगा, घाई न करता. झाल्यावर उभं राहायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा.

सायकलवाला_मिरामार
रोज सकाळी मिरामार ते दोनापावल सायकल चालवतो, वय ६२. सीटमुळे प्रोस्टेट वाढते असं मित्र म्हणतात. बंद करू?

फिजिओ_मडगाव
सायकलने प्रोस्टेट वाढत नाही. बसायच्या जागेला बधिरपणा येत असेल तर सीट बदला, मधे खाच असलेली घ्या. पीएसए तपासायचं असेल तर आधी दोन दिवस सायकल नको, आकडा वाढलेला येऊ शकतो.

निवृत्त_कदंब
मी मोजून घेतली. ११० मिली उरते. डॉक्टर म्हणाले, गोळी घ्या, तीन महिन्यांनी परत मोजू. टॅम्सुलोसिनने सकाळी उठताना चक्कर येते, ती कशी टाळायची?

पखवाजकाका (फोंडा)
मलाही यायची. रात्री जेवणानंतर घेतो. उठताना आधी खाटेवर बसायचं, पाय खाली सोडून टाचा दहा वेळा हलवायच्या, मग उभं राहायचं. तरीही येत असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी घेता हे आधीच सांगा, बाहुलीवर परिणाम होतो. आमच्या न्हाणीच्या वाटेवर मुलाने लहान दिवा लावला, खरखरीत लाद्या घातल्या आणि भिंतीला धरायला पाइप बसवला. जुनं घर असेल तर गोळीच्या आधी हे करा.

ओवी_डिचोली
इथे कळवायला उशीर झाला. त्या दिवशी रात्रीच बाबांच्या पोटाला हात लावला. दगडासारखं लागलं. दुसऱ्या दिवशी नेलं तर मूत्राशयात ८०० मिलीच्या वर लघवी साचलेली होती आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं. लगेच नळी घातली. बाबा म्हणाले, कित्येक महिन्यांत असं हलकं वाटलं नव्हतं. आता क्रिएटिनिन खाली येतंय, पुढे ऑपरेशन लागेल असं डॉक्टर म्हणतात. फिजिओताई, तुम्ही थांबवलं नसतं तर आम्ही व्यायामच करत बसलो असतो. नळी असताना चालू द्यायचं का? ते दिवसभर खाटेवरच पडून असतात, पिशवी कुणी पाहील म्हणून बाहेर येत नाहीत.

फिजिओ_मडगाव
चालू द्या, चालायलाच हवं. पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली राहील आणि नळीला ओढ बसणार नाही एवढं बघा. मांडीला बांधायची लहान पिशवी मिळते, ती लुंगीच्या आत दिसत नाही. आवळायचे व्यायाम आत्ता नकोत. ऑपरेशन झालं, नळी निघाली, सर्जनने परवानगी दिली की मला लिहा, तेव्हा ते व्यायाम खरे उपयोगी पडतील.

पखवाजकाका (फोंडा)
ओवी, बाबांना भजनाची आवड आहे का?

ओवी_डिचोली
काका, चवथीच्या आरत्यांत घुमट हे वाद्य तेच वाजवायचे. गेली दोन वर्षं खोलीतूनच ऐकतात. मांडीची पिशवी काल आणली. आज सकाळी पडवीत चार फेऱ्या घातल्या, संध्याकाळी सहा.